पासंग

उसाची बैलगाडी भरताना नीट पाहिले, तर मोळ्या रचणारा माणूस दर चार मोळ्यांनंतर एकदा मागे सरून गाडीकडे बघतो. मोळ्या मागच्या बाजूला जास्त पडल्या की गाडी उलाळते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याशी बांधलेल्या दोऱ्या आवळतात. पुढे जास्त पडल्या तर सगळा भार मानेवर येतो आणि बैल शंभर पावलांत दमतो. ऊस किती टन आहे याइतकाच तो चाकांच्या आसापासून कुठे आणि किती लांब ठेवला आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे त्या माणसाला कुणी शाळेत शिकवलेले नसते. रिकामी गाडी हाकताना तोच माणूस चढ लागला की पुढे सरकून बसतो.

धुळ्याच्या धावपट्टीवर वैमानिक व्हायला आलेला मुलगा सकाळी विमानाला हात लावण्याआधी एका कागदावर हाच हिशेब मांडतो. तो त्याला ‘वेट अँड बॅलन्स’ म्हणतो, आणि पहिले काही दिवस त्याचा त्याला मनापासून कंटाळा येतो. चार गुणाकार, दोन बेरजा, एक भागाकार. सातवीतल्या पोराला जमेल असे गणित. पण या चार गुणाकारांपर्यंत यायला माणसाला बावीसशे वर्षे लागली, आणि शेवटच्या सव्वाशे वर्षांत त्यासाठी बरीच माणसे मेली.

आपल्याकडे तोलाचे शब्द बाजारातून आले आहेत. तागडीची दोन पारडी मुळातच सारखी नसली, तर हलक्या पारड्याला जो खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात तो पासंग. तेलाच्या भांड्याचे वजन वजा करण्यासाठी दुसऱ्या पारड्यात ठेवतात तो धडा. आणि दुकानदाराने बोटाने हळूच कल दिला, की ती दांडी मारणे. शाळेला दांडी मारणाऱ्यांना या शब्दाचा जुना धंदा बहुधा ठाऊक नसतो. पण आपल्या तागडीच्या दोन्ही भुजा सारख्या, त्यामुळे अंतर हा विषयच तिथे निघत नाही. अंतराचा विचार करायला लावला तो रोमन लोकांच्या एकदांडी काट्याने. त्यात एकच छोटे वजन दांडीवर पुढेमागे सरकवून मोठा माल तोलता येतो. त्यामागचा नियम आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूसमध्ये सिद्ध करून ठेवला होता : वजन आणि टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा असला की दांडी स्थिर राहते. वैमानिक ज्याला ‘मोमेंट’ म्हणतो तो हाच गुणाकार.

हा गुणाकार हवेत नेला तो इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या जॉर्ज केली यांनी. १८०४ साली त्यांनी एक लहानसे ग्लायडर केले : काठीवर पतंगासारखा पंख, मागे अधिक चिन्हाच्या आकाराची शेपटी, आणि नाकाशी पुढेमागे सरकवता येणारे एक वजन. त्या वजनाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. पंख आणि शेपटी यांची कीर्ती झाली. वजन मात्र चित्रात कोपऱ्यात राहिले. पण कागदी विमान शेपटीवर बसतेय असे दिसले की त्याच्या नाकाला टाचणी लावणारे प्रत्येक पोर केलींचेच काम पुढे चालवत असते.

त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी हे वजन माणूस झाले. जर्मनीतला ऑटो लिलिएन्थाल टेकडीवरून पळत येऊन स्वतः बनवलेल्या पंखांना लटकत तरंगायचा. सुकाणू असे काही नव्हते. खांदे आणि हात चौकटीत अडकलेले, कमरेखालचा भाग मोकळा. नाक वर गेले की पाय पुढे फेकायचे, उजवीकडे कलले की डावीकडे झोकायचे. सरकते वजन म्हणजे तो स्वतः. सुमारे दोन हजार उड्डाणे त्याने या पद्धतीने केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने नाक वर उचलले गेले. पाय कितीही पुढे फेकले तरी माणसाच्या कमरेखालच्या भागाचे वजन आणि त्याला सरकायला मिळणारे अंतर, दोन्हीला मर्यादा आहे. गुणाकार पुरा पडला नाही. पंधरा मीटरवरून तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये मरण पावला.

राइट बंधूंनी त्याच्या मृत्यूची बातमी वाचून या विषयात डोके घातले. अंग झोकून तोल सांभाळायचा नाही, तोल यंत्राने सांभाळायचा, हे त्यांनी ठरवून टाकले. १९०३ च्या त्यांच्या विमानात वैमानिक पालथा झोपतो, मधोमध नव्हे तर थोडा डावीकडे. इंजिन त्याच्या उजव्या हाताला. इंजिन माणसापेक्षा तीस-चाळीस पौंडांनी जड, म्हणून उजवा पंख डाव्यापेक्षा चार इंच लांब ठेवला. डाव्या-उजव्या तोलाचा इतका बारीक विचार ज्यांनी केला, त्यांचे पुढच्या-मागच्या तोलाशी मात्र जमत नव्हते. विमानाचा भार मागे होता. १७ डिसेंबर १९०३ ची ती गाजलेली १२ सेकंदांची झेप सरळ रेषेत झाली नाही. विमान डॉल्फिनसारखे वरखाली होत गेले. पुढच्या वर्षी डेटनजवळच्या कुरणात त्यांनी आधी उलटाच प्रयोग केला. भार आणखी मागे सरकवून पाहिला, आणि हेलकावे वाढले. मग सरळ ७० पौंड लोखंड आणून पुढच्या टोकाला बांधले.

म्हणजे पासंगच. जगातल्या पहिल्या यशस्वी इंजिनाच्या विमानाच्या निर्मात्यांनी शेवटी तेच केले, जे तागडी बिघडल्यावर वाणी करतो. ऑक्टोबर १९०५ मध्ये त्यांचे विमान ३९ मिनिटे हवेत राहिले आणि २४ मैल उडाले.

इथून पुढे युद्ध आले. १९१७ चे सॉपविथ कॅमल हे ब्रिटिश लढाऊ विमान या कहाणीतले मला सर्वांत बोलके वाटते. इंजिन, मशीनगन, पेट्रोल आणि वैमानिक हे सगळे पुढच्या सात फुटांत ठासलेले. भार असा एका जागी गोळा झाला की विमान भिंगरीसारखे वळते, आणि लढाईत तेच हवे होते. पण वैमानिकाच्या पाठीमागची टाकी काठोकाठ भरली की भार सुरक्षित मर्यादेच्या मागे जायचा. टाकी पूर्ण भरलेली असते ती नेमकी उड्डाणाच्या सुरुवातीला. आणि शिकाऊ पोराचा हात सर्वांत कच्चा असतो तोही तेव्हाच. युद्धात ४१३ कॅमल वैमानिक लढताना मेले आणि ३८५ न लढता. दुसरा आकडा पहिल्याच्या इतका जवळ असणे हीच या विमानाची समीक्षा.

भार मागे गेल्यावर नेमके काय बिघडते? शेपटी ही विमानाच्या लांब दांड्याचे टोक. भार जितका पुढे, तितका शेपटीला जोर; भार मागे सरकत गेला की शेपटीचा दांडा आखूड होतो. वैमानिकाला विमान आधी फार हलके, फार लाघवी वाटते. बोटाने ढकलावे आणि नाक उचलले जावे. मग एका क्षणी नाक उचलले जाते आणि खाली येत नाही. वेग मरतो, पंख हवा धरत नाहीत, गिरकी सुरू होते आणि त्या गिरकीतून सुटायला लागणारी शेपटीची ताकद शिल्लक नसते. भार फार पुढे गेला तर नाक जड होते, धावपट्टीवर उतरताना ते वेळेवर उचलता येत नाही आणि पुढचे चाक आधी आपटते. तेही वाईटच, पण त्या चुकीतून बहुतेक वेळा माणूस पायी बाहेर येतो.

१९२० च्या दशकात अटलांटिक ओलांडण्याचे वेड लागले, तेव्हा वजनाने पुन्हा बळी घेतले. सप्टेंबर १९२६ मध्ये फ्रेंच वीर रेने फाँक याचे ओझ्याने वाकलेले सिकोर्स्की विमान न्यूयॉर्कजवळच्या धावपट्टीवरून वर उचललेच नाही; टोकाला जाऊन ते जळाले आणि चौघांपैकी दोघे गेले. पुढच्या मे महिन्यात त्याच मैदानावरून चार्ल्स लिंडबर्ग निघाला तो एकटा. पॅराशूट नाही, रेडिओ नाही, नकाशांच्या कडासुद्धा कापलेल्या. विमानाच्या एकूण वजनात निम्म्याहून जास्त पेट्रोल होते. ते जळत जाईल तसा तोल ढळू नये म्हणून मोठी टाकी विमान जिथे तोलले जाते त्या भारकेंद्रापाशी, म्हणजे त्याच्या तोंडासमोर बसवलेली. समोरची काचच नव्हती. पुढचे बघायला बाजूने डोकवायचे नाहीतर छोटा पेरिस्कोप. साडेतेहतीस तास त्या माणसाने तोलासाठी दृष्टी गहाण ठेवली होती.

आपल्याकडची टाटांची पहिली टपालफेरी त्याहून पुष्कळ घरगुती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ या लहान विमानातून निघाले, तेव्हा बरोबर ५५ पौंड टपाल होते. वाटेत अहमदाबादला पेट्रोल आले ते बैलगाडीवर, डब्यांतून. संध्याकाळच्या आत ते जुहूला उतरले. जे. आर. डी. उडायला शिकले ते जुहूच्याच बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये, १९२९ साली. आज त्या क्लबचे शिक्षण धुळ्याला चालते. टपालाच्या थैलीचे एक बरे असते. तिचे वजन आधीच पोस्टाने केलेले असते आणि ती खोटे बोलत नाही.

तोवर अमेरिकेत कायदा आला होता. १९२६ च्या हवाई वाहतूक कायद्यानंतर विमानाच्या नमुन्याला सरकारी मान्यता लागू लागली, आणि भारकेंद्र कुठून कुठपर्यंत चालेल हे कारखान्याच्या कागदावर लिहिले जाऊ लागले. कॅमलच्या वैमानिकाने ही मर्यादा जिवावर उदार होऊन शोधली. आता ती इंचांत छापून मिळू लागली. तरी साध्या विमानात साधे उपायच चालत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आलेले पिवळे पायपर कब हे पुढेमागे दोन आसनांचे विमान एकट्याने उडवायचे असेल, तर मागच्या आसनावर बसावे लागते. पेट्रोलची टाकी पुढे नाकात. एकटा माणूसही पुढेच बसला तर भार पुढे जातो. गाडीवान चढावर पुढे सरकतो, कबचा वैमानिक मागे.

इंचांत मर्यादा द्यायची तर इंच कुठून मोजायचे, हा प्रश्न येतोच. म्हणून प्रत्येक विमानाला एक काल्पनिक रेघ दिली, ‘डेटम’. ती कुठेही असू शकते. सेस्ना १५२ आणि १७२ मध्ये ती इंजिन आणि वैमानिक यांच्यामधल्या पोलादी पडद्यावर आहे. पायपर चेरोकीत पंखाच्या पुढच्या कडेच्या ७८.४ इंच पुढे. विद्यार्थी इथे हटकून अडतात : रेघ बदलली तर तोल बदलेल ना? बदलत नाही. मुंबई-पुण्याचे अंतर दादरपासून मोजा की ठाण्यापासून, खंडाळा असेल तिथेच राहतो.

आता कागद मांडू. फ्लाइंग क्लबांत वर्षानुवर्षे दिसणारे सेस्ना १५२ घेऊ. रिकामे विमान ११४० पौंड, भारकेंद्र रेघेपासून ३०.५ इंचांवर, गुणाकार ३४,७७०. शिक्षक १९० आणि विद्यार्थी १६० मिळून ३५० पौंड, आसने ३९ इंचांवर, १३,६५०. दोन्ही टाक्या पूर्ण, साडेचोवीस गॅलन म्हणजे १४७ पौंड, ४२ इंचांवर, ६,१७४. मागे २० पौंडांची बॅग, ६४ इंचांवर, १,२८०. वजनाची बेरीज १६५७, गुणाकारांची ५५,८७४. भागाकार केला की ३३.७ इंच, हे भरलेल्या विमानाचे भारकेंद्र. या वजनाला चालणारी मर्यादा साधारण ३२.६ ते ३६.५. म्हणजे सात मीटरहून लांब विमानाचा सगळा जीव चार इंचांच्या फटीत. आणि एकूण वजनाची मर्यादा १६७०, म्हणजे शिल्लक १३ पौंड. सहा किलोही नाही. शिक्षकांनी दिवाळीचा फराळ जरा मनावर घेतला असेल, तर टाकी पूर्ण भरता येणार नाही.

यातला सर्वांत दुर्लक्षित आकडा पहिला, रिकाम्या विमानाचा. तो मिळवायला हँगरची दारे बंद करून, वाऱ्याचा श्वासही लागू न देता, तिन्ही चाकांखाली काटे ठेवतात. विमान समपातळीत आहे का ते पाहतात आणि रेघेपासूनची अंतरे मोजायला गवंड्याकडचा असतो तसाच ओळंबा सोडतात. चाकांना लावलेल्या गुटक्यांचे वजन वजा करतात. तेलाच्या भांड्याचा धडा इथेही सुटत नाही. नवा रेडिओ बसवला, रंगाचा एक हात दिला की हा आकडा बदलतो, आणि विमानाचे वय वाढेल तसे वजन सहसा वाढतच जाते. याबाबतीत ते आपल्यातलेच.

मोठ्या विमानांसाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे गणित करणाऱ्या सरकपट्ट्या निघाल्या. डीसी-३ मध्ये माल चढवणारा माणूस पट्टी सरकवून थेट उत्तर वाचायचा. अशाच तोल-यंत्रांसाठी कॅलिफोर्नियातली लिब्रास्कोप ही कंपनी ओळखली जाई. नावातच ‘लिब्रा’, म्हणजे तूळ. या कंपनीने पुढे एलजीपी-३० नावाचा संगणक केला. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने त्याच संगणकावर ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला, आणि काही महिन्यांचे हवामान पार वेगळे निघाले. केओस सिद्धांताची गोष्ट तिथून सांगतात. तोल काढणाऱ्यांच्या घरात तो संगणक जन्मावा हा योगायोगच. पण एवढासा फरक कुठवर नेतो हे या घराण्याला आधीपासून ठाऊक होते.

लहान विमानाच्या वाट्याला मात्र पेन्सिल, आलेख आणि गेल्या काही वर्षांत फोनवरचे अ‍ॅप. अ‍ॅप चूक करत नाही, पण विचारतही नाही. बीचक्राफ्ट बोनान्झा हे १९४७ पासूनचे विमान घ्या : त्याच्या टाक्या पंखाच्या पुढच्या कडेला, भारकेंद्राच्या पुढे. पेट्रोल जळते तसा भार मागे सरकतो. निघताना कायद्यात बसणारे विमान उतरताना बसेलच असे नाही, म्हणून हिशेब दोनदा करायचा. शिवाय आपल्याकडे माणूस किलोत, पेट्रोल लिटरमध्ये आणि सेस्नाची पुस्तिका पौंड-इंचांत. १९८३ मध्ये कॅनडात एका बोइंगमध्ये २२,३०० किलोऐवजी २२,३०० पौंड इंधन भरले गेले होते आणि आकाशात दोन्ही इंजिने बंद पडली. गिमली नावाच्या जुन्या धावपट्टीवर ते तरंगत उतरले हे वैमानिकाचे कसब. गणिताचे श्रेय त्यात काहीच नाही.

पण गणितापेक्षा जास्त माणसे मारली ती गणिताला दिलेल्या आकड्यांनी. २५ ऑगस्ट २००१ रोजी बहामाच्या बेटावरून गायिका आलिया आणि तिची मंडळी सेस्ना ४०२ मधून निघाली. वैमानिक धरून नऊ जण आणि चित्रीकरणाचे सामान. विमान मर्यादेपेक्षा सुमारे ७०० पौंड जड होते आणि भार मागच्या मर्यादेच्याही मागे. धावपट्टी सुटताच ते कोसळले. कुणी वाचले नाही. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लट येथे बीच १९०० हे छोटे प्रवासी विमान पडले आणि २१ माणसे गेली. तिथे शेपटीच्या दोरीचे काम चुकले होते. पण कागदावर मर्यादेत असलेले विमान प्रत्यक्षात जड आणि मागे कललेले होते, कारण प्रत्येक प्रवाशाचे वजन ‘सरासरी’ धरले होते. सरासरी जुनी होती, माणसे नवी. त्यानंतर तिथे ठरीव वजन वाढवले गेले. आपल्याकडे डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाच्या हिशेबात प्रौढ प्रवासी ७५ किलोंचा, हा आकडा वर्षानुवर्षे चालत आला. दीडशे प्रवाशांच्या विमानात जाडे-बारीक एकमेकांना सांभाळून घेतात. चार आसनांत सांभाळणारे कुणी नसते.

केलींच्या ग्लायडरमधले सरकते वजन आता प्रवाशाच्या जागी बसले आहे. तेव्हा कधी लहान विमानात बसायची वेळ आली आणि वैमानिकाने वजन विचारले, तर लग्नातले सांगू नका आणि लाजून पाच किलो वगळू नका. ती दांडी मारणेच आहे. बूट, कॅमेरा, पाठीवरची सॅक आणि हातातली पाण्याची बाटली धरून सांगा. आणि त्याने तुम्हाला पुढच्या आसनावरून उठवून मागे बसवले, तर निमूट जाऊन बसा.